इंजिनाच्या पोटातलं वेळापत्रक

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्रासाठी संयोजकांनी एकच अट घातली होती. आपापल्या कामातली अशी एक गोष्ट सांगायची, जी ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर उपयोगी पडेल. माझ्याआधी डॉक्टर मैत्रिणीनं रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका म्हणून सांगितलं, बँकेतल्या मित्रानं नॉमिनेशनचा फॉर्म भरायला लावला. मी काय सांगणार? मी सॉफ्टवेअरवाली. पण पदवी मेकॅनिकलची आहे आणि गेली जवळजवळ वीस वर्षं मी जे सॉफ्टवेअर लिहिते, ते गाडीच्या इंजिनाजवळ बसवलेल्या छोट्या संगणकात चालतं. म्हणून आज गाडीबद्दल बोलते. बाहेर मैदानात लावलेल्या गाड्या येताना मोजल्या, चाळीसच्या वर भरल्या. म्हणजे विषय अगदीच परका नाही.

विषय आहे टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेन. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी ही वस्तू कधी पाहिलेली नसते, कारण ती झाकणाच्या आत असते. टायर गुळगुळीत झाला तर दिसतो, ब्रेक वाजले तर ऐकू येतात. हा पट्टा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत निमूट काम करतो आणि एका क्षणी तुटतो.

आधी तो करतो काय, ते पाहू. शास्त्राच्या सरांनी फळ्यावर चार स्ट्रोकचं इंजिन काढलं होतं ते आठवा. हवा आत घेणं, दाबणं, स्फोट, धूर बाहेर. पिस्टन खाली-वर होतो आणि त्यामुळे खालचा दांडा फिरतो, तो क्रँकशाफ्ट. वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असतात, म्हणजे हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची दारं. ही दारं उघडणारा दांडा तो कॅमशाफ्ट. चार स्ट्रोक पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात प्रत्येक दार एकदाच उघडायचं असतं. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा बरोबर एक फेरा. क्रँकच्या चाकाला वीस दात असतील तर कॅमच्या चाकाला चाळीस. ही दोन चाकं एकमेकांना बांधून ठेवते ती टायमिंगची साखळी किंवा दातेरी पट्टा. ज्यांच्या घरी आईचं शिलाई मशीन होतं त्यांना हे पटकन कळेल. वरची सुई आणि खालचं शटल यांचा मेळ चुकला तर टाका पडत नाही. इंजिनातही तसंच आहे, फक्त वेग भयानक आहे.

किती भयानक, त्याचा हिशेब करू. गणिताच्या बाई समोर बसल्यात, त्यामुळे जपून करते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५०. म्हणजे कॅमचे २५ फेरे, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो नि मिटतो. आता एक लाख किलोमीटर धरा. सरासरी ताशी ४० चा वेग धरला तर २५०० तास झाले, म्हणजे दीड लाख मिनिटं. मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले तर क्रँकचे ३० कोटी आणि कॅमचे १५ कोटी फेरे. पंधरा कोटी वेळा तो पट्टा न चुकता मेळ साधतो. त्यानंतर त्यानं रजा मागितली तर त्याचा काय दोष!

मेळ चुकला तर काय होतं? इथे आपल्या शाळेचंच उदाहरण देते. सकाळी प्राथमिकचे वर्ग आणि दुपारी आपले, त्याच खोल्यांत, त्याच बाकांवर भरायचे. घंटा वेळेवर झाली तोवर सगळं सुरळीत. एखाद्या दिवशी सकाळची घंटाच झाली नाही आणि दुपारची मुलं आत घुसली, तर दारात काय चेंगराचेंगरी होईल? पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पिस्टन वर आला की व्हॉल्व्ह मिटलेला असायलाच हवा. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, त्यामुळे पिस्टन अगदी वर आला की छताशी जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. गाडीच्या वेगानं क्रँक मात्र फिरत राहतो आणि पिस्टन त्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी तुटून आत पडतात, पिस्टनला भोक पडतं. काही पेट्रोल इंजिनांत दोघांना पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा पट्टा घातला की चालू होते. आपलं इंजिन कोणत्या जातीचं आहे, हे गाडी घेतानाच विचारून ठेवावं.

पट्टा आणि साखळी यांत फरक काय? पट्टा रबराचा, आत काचतंतूंसारखे मजबूत दोरे. हलका, स्वस्त, आवाज न करणारा. तो कोरडा चालतो. तेल लागलं की रबर खराब होतं, म्हणून शेजारच्या सीलमधून थेंबभर तेल गळत असेल तरी तो दोष आधी काढावा लागतो. पट्ट्याचं आयुष्य ठरलेलं असतं. गाडीगाडीनुसार साठ हजार, ऐंशी हजार, लाख किलोमीटर किंवा काही वर्षं, यातलं जे आधी येईल ते. वर्षांची अट लोक विसरतात. गाडी अंगणात उभी असली तरी रबराचं वय वाढतं.

साखळी लोखंडी आणि इंजिनच्या तेलात न्हालेली. महाग, जराशी आवाजी, पण दीर्घायुषी. अनेक कंपन्या म्हणतात की ती इंजिनच्या आयुष्यभर टिकते. मी त्यावर विचारते, कुणाच्या आयुष्यभर? साखळीचे कडे-खिळे झिजतात. प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिलिमीटर झिजला आणि सांधे दीडशे असले, तर साखळी तीन मिलिमीटर लांब झाली. याला गॅरेजमध्ये ‘चेन ताणली’ म्हणतात. खरं तर ती ताणलेली नसते, झिजलेली असते. ही ढिलाई घेण्यासाठी टेन्शनर असतो आणि बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या दाबावर चालतो. म्हणजे साखळीचं आयुष्य तेलाच्या हातात. तेल वेळेवर बदललं, सांगितलेल्या ग्रेडचंच घातलं, पातळी कमी होऊ दिली नाही, तर साखळी दोन-अडीच लाख किलोमीटर सहज साथ देऊ शकते. ‘एवढ्यात कशाला तेल बदलायचं’ म्हणणाऱ्याची साखळी लवकर कुरकुरते.

तिची कुरकुर ऐकू येते, हा साखळीचा मोठेपणा. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पुढून खडखड आवाज आला आणि मग थांबला, तर समजा की टेन्शनरपर्यंत तेल पोचायला वेळ लागतोय किंवा साखळी सैल झाली आहे. गाडी मेकॅनिकला दाखवा. पट्टा अशी सूचना क्वचितच देतो.

इथे माझ्या कामाचा संबंध येतो. क्रँकला एक दातेरी चकती असते. पुष्कळ गाड्यांत तिची रचना साठ दातांची, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. सेन्सर ते दात मोजतो आणि गाळलेल्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते कळतं. कॅमला दुसरा सेन्सर. दोघांच्या खुणा ठरलेल्या अंतरावर यायला हव्यात. साखळी झिजली की कॅमची खूण थोडी मागे पडते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की सॉफ्टवेअर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावतं आणि पी ००१६ सारखा कोड नोंदवून ठेवतं. त्याचा अर्थ, क्रँक आणि कॅमचं जुळत नाही. सेन्सर किंवा वायर खराब असली तरी हा कोड येतो, म्हणून तपासल्याशिवाय साखळी बदलायला घेऊ नये. पण यंत्रानं कोड पुसून दिवा घालवायचा आणि गाडी ताब्यात द्यायची, हा उपाय नव्हे. ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्यासारखं आहे ते. पट्ट्याच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर फारसं कामी येत नाही, कारण चांगला पट्टा ताणत नाही. तुटेपर्यंत तो बरोबरच असतो.

आपल्या ओळखीच्या गाड्या घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीची फियाट, साखळीची. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० पट्ट्याची. पिंपरीत तयार झालेली डिझेल इंडिका पट्ट्याची. अल्टो ८०० पट्ट्याची, पण अल्टो के-१० साखळीची. म्हणजे नाव एकच आणि आतली व्यवस्था वेगळी. जुनी डिझेल इनोव्हा पट्ट्याची, तिला तर ठरलेलं अंतर झाल्यावर डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा लागतो. पुढे आलेली डिझेल क्रिस्टा साखळीची. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट डिझेल साखळीचं. तेव्हा ‘शेजाऱ्यानं कधी बेल्ट बदलला नाही, मग मी का बदलू’ हा युक्तिवाद बाद. शेजाऱ्याच्या गाडीला कदाचित बेल्ट नसेलच.

साखळी म्हणजे निश्चिंती असंही समजू नका. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या डिझेल इंजिनात साखळी मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे होती. ती अकाली झिजल्याच्या खूप तक्रारी आल्या आणि तिथे हात पोचवायलाच मोठं काम. फोक्सवॅगनवर अमेरिकेत साखळी आणि टेन्शनरवरून खटला झाला, तो २०१८ मध्ये तडजोडीनं मिटला. मग काहींनी तिसरी वाट काढली, पट्टाच तेलात बुडवायचा. फोर्डचं १ लिटर इकोबूस्ट असं होतं, आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलेलं. युरोपात प्यूजो-सिट्रॉएनचं १.२ प्यूरटेक तसंच. तेल बदलायला उशीर झाला किंवा चुकीचं तेल पडलं की पट्ट्याचे कण सुटतात आणि तेलाची जाळी तुंबवतात. फोर्डनं पुढे कॅमसाठी पुन्हा साखळी घेतली. तात्पर्य, पट्टा वाईट आणि साखळी चांगली असं नाही. ज्याची जी वेळ ठरली आहे ती पाळायची.

ती पाळली गेली नाही तर काय होतं, ते आमच्या घरात पाहिलं. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, कराड-चिपळूण प्रवासी गाडी चालवतो. २०१४ मध्ये त्यानं कर्ज काढून एक जुनी डिझेल गाडी घेतली. मीटर ८२ हजारावर. विकणाऱ्यानं सांगितलं, ‘बेल्ट नवीन टाकलाय, बघायचं काम नाही.’ पुढच्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना, आत पाच प्रवासी असताना, इंजिन एकदम बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा पाय टेकवला तर पेडल कडक. दादानं घाबरून न जाता दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत उभी केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पुढे झालं ते आपल्याकडे नेहमी होतं. उतरलेल्या प्रवाशांनी आणि मागच्या जीपवाल्यांनी मदत म्हणून गाडीला धक्का दिला. ‘क्लच सोड, क्लच सोड.’ आतून कटकट आवाज आला. बेल्ट तुटला तेव्हा जे वाचलं असेल, तेही त्या धक्क्यात गेलं असणार. हेड उतरवलं तर बहुतेक व्हॉल्व्ह वाकलेले, एक तुटलेला, एका पिस्टनला भगदाड. बेल्टचं काम वेळेवर झालं असतं तर सात हजारांत भागलं असतं. बिल झालं ५८ हजार. गाडी तेवीस दिवस गॅरेजमध्ये, कमाई शून्य, कर्जाचा हप्ता मात्र चालू. वहिनीच्या पाटल्या त्या महिन्यात सोनाराकडे गेल्या, त्या सोडवायला दीड वर्ष लागलं.

निघालेल्या बेल्टचे तुकडे मी पाहिले. त्यावर गाडीच्या कारखान्याची मूळ छाप होती. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा तोच. मग विकणारा खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. बाहेरचा पट्टा, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, तो खरोखर कोरा होता. त्याच्या मेकॅनिकनं ‘बेल्ट बदलला’ म्हटलं, त्यानं तेच दादाला सांगितलं. एका शब्दात दोन वस्तू बसल्या आणि घाटात त्याची किंमत मोजावी लागली. म्हणून तुम्ही विचाराल तेव्हा पूर्ण नाव घ्या. टायमिंग बेल्ट बदलला का, किती किलोमीटरला, आणि बिल कुठे आहे? बिल नसेल तर बदललेला नाही असं धरायचं आणि गाडी घेतल्या आठवड्यात तो बदलायचा. तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा आणि सौदा करा.

आता घरी न्यायच्या गोष्टी. कुणी वहीत लिहून घेणार असेल तर सावकाश सांगते.

पहिली, गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि आपल्या इंजिनाला पट्टा आहे की साखळी ते पाहा. पट्टा असेल तर किती किलोमीटर आणि किती वर्षं, दोन्ही आकडे बघा.

दुसरी, शहरातल्या गाडीसाठी थोडी घाई करा. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीनं साठ हजार किलोमीटर म्हणजे एक हजार तास. पुण्याच्या गर्दीत ताशी १५ च्या सरासरीनं तेच साठ हजार म्हणजे चार हजार तास. मीटर सारखाच, इंजिन चौपट वेळ चाललेलं. सिग्नलला गाडी उभी असते, पण आतला पट्टा फिरतच असतो.

तिसरी, नुसता पट्टा बदलू नका. टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे पट्टा ज्यांवरून धावतो त्या पुल्या, त्यासोबतच बदला. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. मजुरी एकदाच लागते. जुन्या पुलीचं बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही तुटतो. आणि पार्ट खात्रीच्या दुकानातला, बिलासकट. इथे चारशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

चौथी, पट्टा घातल्यावर किल्ली मारण्याआधी मेकॅनिकनं पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला पाहिजे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिलं पाहिजे. एक दात जरी चुकला तरी क्रँकच्या मानानं सुमारे अठरा अंशांचा फरक पडतो. चांगला मेकॅनिक हे न सांगता करतो. तुम्ही शेजारी उभे राहून विचारलंत तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

पाचवी, जुना पट्टा मागून घ्या आणि बॉनेटच्या आत तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पुढचा मालक तुम्हाला दुवा देईल.

सहावी, आणि हिच्यासाठीच मी घाटातला प्रसंग सांगितला. चालती गाडी अचानक बंद पडली तर किल्ली पूर्ण फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. स्टिअरिंग जड होतं, पण दोन्ही हातांनी जोर लावला तर वळतं. ब्रेक एकदाच, दाबून धरून. पुन्हा पुन्हा पंप करू नका, कारण बूस्टरमध्ये उरलेला जोर एक-दोन दाबांत संपतो. चारी इंडिकेटर लावा, कडेला घ्या. आणि मग परत स्टार्टर मारू नका, धक्का तर मुळीच देऊ देऊ नका. गाडी टो करून न्या.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक म्हणच आहे, चालतंय ना, मग हात लावू नका. पुष्कळदा ती बरोबर असते. पण ज्या वस्तूची मुदत छापून दिलेली आहे आणि जी आधी कुरकुर करत नाही, तिच्या बाबतीत हे शहाणपण महागात पडतं. इलेक्ट्रिक गाड्यांत कॅमच नाही, त्यामुळे त्यांच्या मालकांनी आज माझं भाषण कृपा म्हणून ऐकलं, त्यांचे आभार. हायब्रिडवाल्यांना मात्र सुटका नाही, त्यांच्याकडे इंजिन आहे.

दादा आजही त्याच रस्त्यावर गाडी चालवतो. गाडी दुसरी आहे, पट्ट्याचीच. ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात एक वही असते, तीत प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर. दोन टायमिंग बेल्ट त्यानं मुदतीच्या आधी बदलले आहेत. दर वेळी जुना बेल्ट घरी आणतो आणि वहिनी त्यानं परसातली वेल मांडवाला बांधते. चांगला घट्ट बसतो म्हणते.

जेवणानंतर मी मैदानात गाड्यांपाशी थांबणार आहे. ज्यांना आपल्या इंजिनाची जात माहीत नाही त्यांनी गाडीचं पुस्तक घेऊन या, पुस्तक नसेल तर बॉनेट उघडून या. सरांच्या गाडीपासून सुरुवात करू, कारण ती १४ वर्षांची आहे आणि तिचा बेल्ट कधी बदलला ते सरांना आठवत नाही, असं त्यांनी मघाशी चहाच्या वेळी सांगितलं.